यादीतून निसटलेले : एक प्रस्तावना

तरुणांच्या आरोग्याचा वर्षानुवर्षे माग ठेवणारा अहवाल हाती आला की बहुतेक वाचक थेट निष्कर्षांकडे वळतात. किती मुलांना तंबाखूची सवय लागली, किती जणांनी ती सोडली, दारूचा पहिला घोट कोणत्या वयात घेतला. मी आधी वेगळाच तक्ता शोधतो : सुरुवातीला किती जण होते, शेवटच्या फेरीत किती भेटले, आणि जे भेटले नाहीत ते कोण होते. पहिले दोन आकडे बहुधा सापडतात. तिसऱ्या प्रश्नाची बोळवण ‘स्थलांतर, नकार व इतर कारणे’ अशा एका ओळीत झालेली असते. त्या एका ओळीच्या पोटात काय काय दडलेले असते, ते सांगणारे हे पुस्तक आहे.

गळतीमुळे नेमके काय बिघडते, हे समजायला अवघड गणित लागत नाही. समजा, पंधरा वर्षांची एक हजार मुले नोंदवली. त्यांतली २०० तंबाखू खातात, म्हणजे वीस टक्के. पाच वर्षांनी पुन्हा गेलो. न खाणाऱ्या ८०० पैकी ८० सापडले नाहीत, खाणाऱ्या २०० पैकीही ८० सापडले नाहीत. उरले ८४०, त्यांत खाणारे १२०. म्हणजे प्रमाण वीसवरून जेमतेम चौदा टक्क्यांवर आले. या काल्पनिक उदाहरणात एकानेही तंबाखू सोडलेली नाही, एकानेही नव्याने धरलेली नाही. तरीही अहवालात घट दिसेल, आणि त्या गावात एखादा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झालेला असेल तर घटीचे श्रेय त्याला मिळून त्याच्या पुढच्या वर्षाच्या निधीची सोयही होईल.

गळती ही सरसकट, नशिबाने होणारी गोष्ट असती तर फारसे बिघडले नसते. नमुना लहान झाला असता, एवढेच. पण व्यसन आणि गळती यांची मुळे पुष्कळदा एकाच मातीत असतात. शाळा सुटणे, लवकर कामाला लागणे, घरात भांडणे, वडिलांचे पिणे, गाव सोडून जाणे : याच गोष्टी मुलाला पुडीकडे ढकलतात आणि याच गोष्टी त्याला सर्वेक्षकाच्या यादीतून बाहेर काढतात. सिगारेट ओढणारी मुले प्रतिबंधक कार्यक्रमांच्या पुढच्या फेऱ्यांत कमी सापडतात, हे अमेरिकेतल्या शालेय अभ्यासांनी १९८०-९० च्या दशकांत पुन्हा पुन्हा दाखवले. ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त जाणून घ्यायचे असते, तोच आधी हातून सुटतो.

ही सगळी चर्चा पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या जमिनीवर उभी करण्याचा लेखकांचा निर्णय मला फार आवडला. मराठीत संशोधनपद्धतीवर जे थोडेफार लिहिले जाते ते बहुतेक हवेत तरंगणारे असते. ‘नमुना’, ‘प्रतिसादक’, ‘पाठपुरावा’ हे शब्द येतात, पण त्यांना गाव नसते, पाऊस नसतो, एसटीची वेळ नसते. इथे सगळे आहे. आणि हे दोन तालुके निवडण्यामागे पक्के कारण आहे. तरुण माणूस घर सोडून जाण्याचे जेवढे म्हणून प्रकार असतील, ते बहुतेक सगळे इथे पन्नास किलोमीटरांच्या आत सापडतात.

पेणच्या गणपती कारखान्यांपासूनच पाहा. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या भागांत मूर्तिकामावर घरेच्या घरे चालतात. गणेशोत्सव जवळ आला की रंगकाम, आखणी, माल भरणे यांत तरुण रात्र-रात्र जागतात. अशा वेळी प्रश्नावली घेऊन गेलेल्या माणसाला कुणी बसायला सांगेल, चहा देईल, पण तासभर देणार नाही. तो तासभर न देणे अहवालात ‘नकार’ म्हणून नोंदवले जाते. डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, रोह्याजवळ धाटावची रासायनिक वसाहत : इथले कंत्राटी कामगार पाळीवर असतात. दिवसपाळीला गेलेला मुलगा सकाळी अकरा वाजता घरी सापडणार नाही आणि रात्रपाळी करून आलेला सापडला तरी झोपेत असेल. आपली पाहणी करणारी माणसे मात्र सकाळी अकरालाच पोहोचतात, कारण दुपारच्या गाडीने त्यांना परतायचे असते.

रोहा हे कोकण रेल्वेचे पहिले टोक. दिव्याहून येणारी गाडी पेण, नागोठणे करत इथवर येते. दहावी-बारावीनंतर मुले-मुली याच गाडीने पनवेल, कळंबोली, नेरूळकडे जातात. कुणी शिकायला, कुणी मॉलमध्ये, कुणी गोदामात. इथे एक गुंतागुंत आहे आणि लेखकांनी ती लपवलेली नाही. अभ्यासात हुशार, निर्व्यसनी मुलगीही याच गाडीने यादीतून निघून जाते. म्हणजे गळती नेहमी एकाच बाजूने होते असे नाही. वरच्या गणितात व्यसनाचे प्रमाण खोटे घटले. हुशार मुले जास्त गेली तर ते खोटे वाढेल. दोन्ही एकदम झाले तर आकडा जागच्या जागी राहील, आणि आतली माणसे पार बदललेली असतील. नुसता गळतीचा टक्का सांगून म्हणूनच काही साधत नाही. कोण गेले ते सांगावे लागते.

मग कातकरी वाड्या. महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी कातकरी ही एक (कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन), आणि पेण-रोह्याच्या डोंगरउतारांवर तिच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडायला निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पोरेबाळेही बरोबर जातात. आता आपल्याकडची पाहण्यांची वेळापत्रके आठवा. निधी मंजूर होऊन, प्रशिक्षण होऊन, प्रत्यक्ष काम सुरू होते ते थंडीत, कारण तेव्हा रस्ते कोरडे असतात आणि आर्थिक वर्ष संपायला मार्च जवळ आलेला असतो. नेमके तेव्हा वाडीवर म्हातारी माणसे आणि बंद झोपड्या. सर्वेक्षक तीनदा जातो, नियमाप्रमाणे ‘घर बंद’ लिहितो आणि परततो. त्याची काही चूक नसते. चूक वेळापत्रक लिहिणाऱ्याची असते. लावणी उरकल्यावर, श्रावणाच्या सुमारास गेले तर तीच घरे उघडी असतात. मात्र चिखल तुडवत जावे लागते आणि वाहनखर्चाचे कोष्टक बदलावे लागते.

मुलींची गळती याहून वेगळी. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होते, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळले. लग्न झाले की आडनाव, गाव, फोन नंबर, सगळेच बदलते. पत्ता काढत सासरी गेलेच, तर नव्या सुनेला ‘तू कधी मशेरी लावतेस का’ हे सासूसमोर विचारायचे कसे? आणि मशेरीचा प्रश्न सोडूनही चालत नाही. महाराष्ट्रात प्रौढांतल्या तंबाखूसेवनाचे चित्र २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात स्पष्ट दिसते : एकूण सेवन २६.६ टक्के, पण धूम्रपान अवघे ३.८ टक्के, आणि धूरविरहित तंबाखू २४.४ टक्के. म्हणजे आपला प्रश्न सिगारेटचा कमी आणि मळलेल्या तंबाखूचा, माव्याचा, गुटख्याचा, मशेरीचा जास्त. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा माग ठेवला. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या स्त्रियांची, बहुतांश मशेरी लावणाऱ्यांची, बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली. हा निबंध २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. मशेरी दात घासायलाच असते असे मानणाऱ्या घरात ‘तंबाखू घेता का?’ या प्रश्नाला मिळणारे ‘नाही’ हे खोटेही नसते, पण म्हणून उपयोगाचेही नसते.

आता थोडे मागे जाऊ. एकाच पिढीचा जन्मापासून माग ठेवण्याची परंपरा युद्धोत्तर ब्रिटनमध्ये घट्ट झाली. मार्च १९४६ मधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांतून ५,३६२ जणांचा गट निवडला गेला आणि त्यांचा अभ्यास त्यांच्या म्हातारपणापर्यंत चालू राहिला. या मंडळींना दरवर्षी वाढदिवसाचे कार्ड पाठवण्याची प्रथा होती. वरवर हा शिष्टाचार, पण परत आलेले कार्ड म्हणजे पत्ता बदलल्याची पहिली खबर. १९४८ साली अमेरिकेत फ्रेमिंगहॅमचा हृदयरोगाचा अभ्यास सुरू झाला, तो प्रौढांचा. तरुणांच्या बाबतीत आदर्श म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो न्यूझीलंडचा डनेडिन अभ्यास १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा. ती मुले पंचेचाळीस वर्षांची झाली तेव्हा हयात असलेल्या ९९७ पैकी ९३८ जणांची तपासणी झाली, म्हणजे चौऱ्याण्णव टक्के. हे कसे जमले? जगात कुठेही गेलेल्या माणसाला अभ्यासाच्या खर्चाने डनेडिनला आणले जाते, तुरुंगात असेल तर तिथे जाऊन भेटतात. किशोरवयात गांजा ओढण्याचा पुढच्या मानसिक आजारांशी काय संबंध, यावर डनेडिनची २००२ सालची मांडणी जगभर वाचली गेली. २०१२ साली दीर्घकाळच्या गांजासेवनाचा आणि बुद्ध्यंकाच्या घसरणीचा संबंध त्यांनी मांडला तेव्हा वादही झडले. पण ‘तुमचे गांजेकस तर गळून गेले असतील’ हा आक्षेप त्या वादात टिकला नाही.

आपल्याकडे सुरुवात फार उशिरा झाली असे नाही. दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात दक्षिण भागातल्या सुमारे बारा चौरस किलोमीटरांत झालेल्या ८,१८१ जन्मांची नोंद संतोष भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ती मुले सव्वीस ते बत्तीस वर्षांची झाल्यावर ज्यांची तपासणी होऊ शकली ते होते सुमारे दीड हजार. मधल्या काळात अनधिकृत वस्त्या हटवल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर अभ्यासातली कुटुंबेही पांगली. बुलडोझर ज्या घरावर चालतो ते घर सहसा श्रीमंताचे नसते, त्यामुळे ही गळतीही सरसकट नव्हती. उरलेल्या दीड हजारांतून मधुमेहाबद्दल मोलाचे ज्ञान मिळाले, यात शंका नाही. गेलेल्यांचे शरीर काय सांगत होते, ते कायमचे हरवले.

याच्या उलट टोकाला पुण्याजवळच्या सहा गावांतला मातृपोषण अभ्यास. १९९३ साली केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली, गरोदर होण्याआधीपासून स्त्रियांची नोंद सुरू केली. जन्मलेल्या मुलांना सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी पुन्हा तपासले आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मुले परत येत राहिली. भारतीय बाळ वजनाने कमी पण अंगात चरबी जास्त असलेले असते, हे सर्वपरिचित निरीक्षण याच अभ्यासाचे. व्यसनाचा हा अभ्यास नव्हे, तरी या पुस्तकाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. रक्त काढून घ्यायला, मोजमापे करून घ्यायला लोक पंचवीस-तीस वर्षे पुन्हा पुन्हा तयार होतात, ते का? दवाखाना ओळखीचा असतो, घरी येणारी बाई गावातली असते, तपासणीचा निकाल घरच्यांना समजेल असा सांगितला जातो. या गोष्टी निबंधाच्या ‘पद्धती’ विभागात दोन ओळींत मावतात. प्रत्यक्षात सगळा अभ्यास त्यांच्याच खांद्यावर असतो.

व्यसनाच्या अभ्यासाची धारा वेगळी वाहिली आणि तिचे मूळ पुरुष शोधायला गेलो तर एक बाई सापडतात : ली रॉबिन्स. सेंट लुइस शहरातल्या बालमार्गदर्शन केंद्रात एके काळी आलेल्या ५२४ मुलांना त्यांनी तीस वर्षांनी शोधून काढले आणि १९६६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. ही ‘वाया गेलेली’ मुले, म्हणजे गळतीच्या दृष्टीने सर्वांत अवघड. पुढे व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या हेरॉइन-व्यसनाचा अभ्यासही त्यांच्याकडे आला. तिकडे व्यसनाधीन झालेल्यांपैकी बहुतेकांनी घरी परतल्यावर हेरॉइन सोडून दिले, हा त्यांचा निष्कर्ष त्या काळच्या समजुतीला धक्का देणारा होता. निवडलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक सैनिक भेटले नसते तर त्यावर कुणी विश्वास ठेवला असता? ‘जे सापडले नाहीत ते नशेत कुठेतरी पडले असतील’ एवढे म्हणून विषय संपला असता. व्यसनी माणूस सापडत नाही, हा समज आहे. नेटाने शोधले तर तो सापडतो, हे रॉबिन्सबाईंनी पन्नासेक वर्षांपूर्वीच दाखवून ठेवले आहे.

दुसरी धारा शाळेची. वर्गात जायचे, प्रश्नपत्रिकेसारखी प्रश्नावली वाटायची, तासाभरात शंभर उत्तरे घेऊन बाहेर. अमेरिकेतली १९७५ पासूनची बारावीच्या मुलांची वार्षिक पाहणी या पठडीतली. भारतातले जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणही तसेच. २०१९ च्या फेरीत तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखू घेताना आढळले. हा आकडा विद्यार्थ्यांचा आहे, तेरा ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांचा नव्हे. आठवीतून निसटून भट्टीवर किंवा टपरीवर गेलेला मुलगा या पाहणीत पहिल्या दिवसापासूनच नाही, म्हणजे त्याच्या गळतीची नोंदसुद्धा होत नाही. दिल्ली-चेन्नईच्या ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात ‘मैत्री’ प्रकल्पाने तंबाखूप्रतिबंधाचा यशस्वी प्रयोग केला. असे प्रयोग हवेतच, पण त्यांच्या यशाची मोजणी शाळेच्या फाटकाशी थांबते, हे विसरून चालणार नाही.

तिसरी धारा तंबाखू आणि मुखकर्करोगाची, आणि हिचा आपल्या भागाशी जवळचा संबंध आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या एक लाखाहून अधिक खेडुतांची तोंडे तपासली होती. १९९१ पासून मुंबईत पस्तीस वर्षांवरील सुमारे दीड लाख लोकांची नोंद मतदारयाद्यांवरून झाली. त्यात एक गंमत आहे. कडक पहारे असलेल्या उच्चभ्रू इमारती मुळातच वगळल्या होत्या, कारण आत शिरता येत नव्हते. निसटणे ही काही गरिबाचीच मिरास नाही. श्रीमंताच्या दाराशी वॉचमन असतो आणि त्याच्या पोराच्या बाटलीची, पुडीची नोंद त्यामुळे होत नाही, एवढाच फरक.

अलीकडची धारा मेंदूची. युरोपात चौदा वर्षांच्या दोन हजार मुलांचा ‘इमॅजेन’, अमेरिकेत २०१६ च्या सुमारास नोंदवलेल्या नऊ-दहा वर्षांच्या जवळपास बारा हजार मुलांचा ‘एबीसीडी’, आणि आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या पुढाकाराने म्हैसूर, चंडीगड, कोलकाता, इंफाळ, ऋषी व्हॅली अशा ठिकाणी सहा ते तेवीस वयोगटासाठी चाललेला ‘सीवेदा’. यंत्रे महाग, तपासण्या लांबलचक. मुलाने दिवसभर यायचे, यंत्रात निश्चल पडून राहायचे. रोजंदारी बुडवून कोण येईल, हा प्रश्न इथे जास्तच टोकदार होतो.

गळालेल्यांचे करायचे काय, यावरही दोन पंथ आहेत. एक संख्याशास्त्रज्ञांचा. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली हरवलेल्या माहितीचे तीन प्रकार मांडले. पहिला, निव्वळ योगायोगाने हरवलेली. दुसरा, आपल्याजवळ असलेल्या माहितीवरून जिचे हरवणे समजावून घेता येते ती. तिसरा, जी गोष्ट मोजायची होती तिच्यामुळेच हरवलेली. पहिल्या दोहोंवर उपाय आहेत : राहिलेल्यांपैकी गेलेल्यांसारख्या दिसणाऱ्यांना जास्त वजन द्यायचे, किंवा रिकाम्या जागी संभाव्य उत्तरे अनेक वेळा भरून निकाल किती हलतो ते पाहायचे. तिसऱ्यावर खात्रीचा उपाय नाही, आणि व्यसनाच्या अभ्यासातली गळती अनेकदा तिसऱ्या प्रकारची असते. मुलगा या वर्षी प्यायला लागला म्हणून या वर्षी भेटला नाही. त्याचे मागच्या वर्षीचे उत्तर ‘कधीच नाही’ असे असेल, तर कोणतेही सूत्र त्याला शोधून देणार नाही. दुसरा पंथ पायपीट करणाऱ्यांचा. सूत्रांवर वेळ घालवण्यापेक्षा जा आणि शोधा, असे म्हणणारा. लेखक दोन्ही पंथ आदराने मांडतात. माझा कल विचाराल तर दुसऱ्याकडे आहे. सूत्र चालवायलासुद्धा गेलेल्यांपैकी थोडे तरी शोधून आणावे लागतात. नाहीतर रिकाम्या जागी काय भरायचे, ते आपणच मनाने ठरवलेले असते.

पायपीट करून माणूस सापडला तरी तो खरे सांगेल कशावरून, हा प्रश्न उरतोच. त्याने स्वतः दिलेल्या उत्तराला पर्याय म्हणून लाळेतले किंवा लघवीतले कोटिनिन, म्हणजे निकोटिनचा शरीरात उरणारा अंश, मोजता येते. हेडफोन लावून संगणकावर एकट्याने उत्तरे देण्याची पद्धतही आली. पुण्यात तरुण पुरुषांवर केलेला तिचा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. कॉलेजातल्या मुलांनी यंत्रापुढे काही गोष्टी अधिक मोकळेपणाने कबूल केल्या, वस्तीतल्या मुलांच्या बाबतीत तसा सरसकट फायदा दिसला नाही. यंत्र म्हणजे खासगीपणा, हे समीकरण सगळीकडे चालत नाही. हमरापूरच्या कारखान्यातल्या मुलाला समोर बसलेला, आपल्यासारखी बोली बोलणारा माणूस कदाचित यंत्रापेक्षा भरवशाचा वाटेल. किंवा नेमका उलट, ओळखीचा म्हणून नकोसा वाटेल. हे तिथे जाऊनच ठरवावे लागते.

खरे न बोलण्यामागे आणखी एक कारण असते आणि ते पुरेसे बोलले जात नाही : कायदा. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे. बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार मुलाला तंबाखू किंवा दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. देशी-विदेशी दारूसाठी राज्यात वयाची अट पंचवीस, बिअरसाठी एकवीस. एमडी म्हणजे मेफेड्रोन २०१५ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. आता सोळा वर्षांच्या मुलाला ‘पुडी कुठून आणतोस?’ असे विचारणे म्हणजे गावातल्या टपरीवाल्या काकांवर गुन्हा नोंदवायला मदत मागणे आहे, निदान त्याला तरी तसेच वाटणार. अमेरिकेने १९७० च्या अमली पदार्थविषयक कायद्यातच संशोधकाला सहभागींची नावे उघड न करण्याचे संरक्षण दिले. आपल्याकडे नैतिक समित्या आहेत, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांत पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा स्वतःचा होकार आणि अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने संमती घेण्याचे बंधन आहे. हे बंधन योग्यच, पण अठराव्या वर्षी घेतलेली ती सही हाच गळतीचा मोठा दरवाजा असतो. आतापर्यंत आई ‘जा रे, डॉक्टर आलेत’ म्हणून पाठवत होती, आता तो स्वतः ठरवणार. जो अभ्यास आठ वर्षे फक्त आईशी बोलला, त्याला त्या दिवशी त्याची किंमत कळते.

नकार देणाऱ्या मुलाला लेखक कुठेही दोषी धरत नाहीत, आणि सहभागी टिकवण्याच्या नादात त्याच्या मागे लागायचे किती, याची मर्यादाही आखतात. दारू प्यायलेला मुलगा घरात असताना तीन वेळा पांढरी गाडी दारात येऊन थांबली, तर वाडीला जे कळायचे ते कळते. सहभागाचा मोबदला रोख द्यावा का, हा प्रश्नही तसाच अवघड. न दिला तर रोजंदारीवाला येणार नाही, दिला तर ते पैसे गुत्त्यावर जातील अशी भीती. माझे मत स्पष्ट आहे : बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी आणि ती तो कशावर खर्च करतो याची चौकशी करू नये. आपल्या भत्त्याची चौकशी कोण करतो? लेखक या बाबतीत माझ्यापेक्षा सावध आहेत, किराणा किंवा फोन रिचार्ज सुचवतात. वाचकांनी आपापले ठरवावे.

हे पुस्तक आत्ता का, याचे उत्तर रायगडच्या बदलत्या नकाशात आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, पाठोपाठ नवी मुंबईचा विमानतळ आला, पेणपर्यंतच्या जमिनींचे भाव आणि तरुणांच्या नोकऱ्यांची गणिते बदलू लागली. ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे वाहून आली, त्याच वर्षाअखेरीस खोपोलीत एमडीचा कारखाना पोलिसांनी पकडला. वर्तमानपत्रांनी या बातम्या मोठ्या केल्या, साहजिकच आहे. पण वर्तमानपत्रे वाचून पालक चरसला घाबरतात आणि मुलाच्या खिशातल्या चुन्याच्या डबीकडे दुर्लक्ष करतात. देशव्यापी अमली पदार्थ सर्वेक्षणाने २०१९ साली दाखवले की हुंगण्याच्या द्रव्यांचे प्रमाण मुला-किशोरांत (१.७ टक्के) प्रौढांपेक्षा (०.५८ टक्के) जास्त आहे. हा एकाच वेळी काढलेला फोटो होता. त्या मुलांचे पुढे काय झाले, हे फोटोवरून कळत नाही, त्यासाठी त्याच मुलांकडे पुन्हा जावे लागते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे, व्यसनप्रतिबंध हा त्याचा एक अधिकृत विषय आहे, आणि तो उपयोगी पडतो का हे सांगायलाही असाच माग लागेल. कोविडच्या काळात घरभेटी बंद झाल्या तेव्हा आंध्र-तेलंगणातल्या ‘यंग लाइव्ह्ज’सारख्या अभ्यासांनी फोनवरून फेऱ्या घेतल्या. फोन स्वस्त पडतो, म्हणून तीच वाट आता सगळ्यांना मोहात पाडते आहे. पण सिमकार्ड वरचेवर बदलणारा आणि घरातला एकच फोन वडिलांच्या ताब्यात असणारा, ही दोन्ही मुले नेमकी आपल्या विषयातलीच.

पेण-रोह्यात व्यसनाचे प्रमाण किती टक्के, असे विचारत पुस्तक उघडणाऱ्याला इथे आकडा मिळणार नाही. इथल्या पंधरा वर्षांच्या मुला-मुलींचा दहा वर्षे माग ठेवायचा झाला तर तो कसा ठेवावा, कोणत्या महिन्यात कुठे जावे, कोणाच्या हातून, काय विचारून आणि काय न विचारता, आणि शेवटी जे सापडले नाहीत त्यांच्याबद्दल प्रामाणिकपणे काय लिहावे, याचा हा आराखडा आहे. रायगडला अशा प्रयोगांची आठवण आहे. डॉ. नोशीर अंतिया यांनी १९७० च्या दशकात अलिबाग तालुक्यात मांडव्याला कमी शिकलेल्या गावातल्या बायकांच्या हाती आरोग्याचे काम सोपवून दाखवले होते. लेखकांचा भर त्याच दिशेचा आहे : माग ठेवणारी माणसे बाहेरून येऊ नयेत. आशा, शाळेतले शिक्षक, बचत गटातल्या बाया यांना त्यात जागा हवी. मात्र गावातलीच व्यक्ती विचारणार असेल तर गुपित राहणार कसे, या प्रश्नाला पुस्तकात मिळणारे उत्तर मला पुरते पटलेले नाही. ओळखपाळख गळती थांबवते आणि खरे उत्तरही थांबवते. ही ओढाताण नियमावलीने सुटेल असे मला वाटत नाही, आणि लेखकांनी तिथे थोडी घाई केली आहे.

संख्याशास्त्राचा भाग पहिल्या वाचनात सोडला तरी अडत नाही. आरोग्यसेवकांनी आणि शिक्षकांनी स्थलांतराच्या आणि संमतीच्या भागांपासून सुरुवात करावी. निधी देणाऱ्या संस्थांच्या अधिकाऱ्यांनी मात्र खर्चाचे कोष्टक आधी पाहावे. त्यात पहिल्या नोंदणीइतकीच रक्कम हरवलेल्यांना शोधण्यासाठी धरली आहे, आणि ‘एवढी कशाला?’ असे त्यांच्या मनात आले तर त्यांनी उरलेले पुस्तक वाचावे.